राब गेला, जाळ राहिला

मंडळी, 'राब' हा शब्द तुमच्यापैकी किती जणांच्या कानावरून गेलाय? राबणं नव्हे, नुसतं राब. मुंबई-पुण्यात वाढलेल्या भाचरांना विचारलं तर त्यांनी थेट गूगल उघडलं. पण पनवेल, पेण, कर्जत, मुरबाड या भागात ज्यांचं आजोळ आहे, त्यांच्या नाकात हा शब्द ऐकताच एक वास शिरेल. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी डोंगराच्या उतारावरून खाली येणारा, पाला आणि शेण एकत्र जळल्याचा वास.

या राबाबद्दल लिहायचं कारण घरगुती आहे. आमचं जुनं घर कर्नाळ्याच्या पायथ्याशी. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना उजवी-डावीकडे जंगल दाटतं आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो, तिथलाच हा टापू. पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये झालं, सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचं. २००३ मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेलं. जंगल जवळ म्हटल्यावर आमच्या परसातही झाडं आहेत: दोन आंबे, एक फणस, एक जांभूळ आणि कुंपणाला लागून एक जुना ऐन. जानेवारीच्या शेवटी पानगळ सुरू होते ती थेट चैत्रापर्यंत. रोज सकाळी अंगण झाडायचं आणि रोज संध्याकाळी ढीग. आजी मूळची रत्नागिरीकडची, ती याला पातेरा म्हणायची. बाकी सगळे पाचोळा म्हणतात. आता नव्या पिढीत त्याचं नाव 'कचरा' झालंय.

हा ढीग आमच्याकडे वर्षानुवर्षं पेटवला जातो. आणि गेल्या काही वर्षांत त्यावरून घरात दोन तट पडलेत. एका काकांना दमा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पाच वाजले की ते खिडक्या लावून आत बसतात. दुसरे काका म्हणतात, "अगं, आपले आजे-पणजे काय वेगळं करत होते? या मुलखात पाला जाळायचीच रीत आहे. तुम्ही शहरातनं येऊन आम्हाला काय शिकवता?" यावर तिसऱ्या बाजूनं एक तोडगा आला, तो सगळ्यात भयंकर: झाडंच तोडून टाकू, फरशी घालू, म्हणजे ना पाला ना भांडण. नातेवाईक मंडळी हे वाचत असतीलच, तेव्हा कोण काय म्हणालं ते सांगत बसत नाही.

पण काकांचं म्हणणं मला उडवून लावण्यासारखं वाटलं नाही. या मुलखात पाला जाळायची रीत होती, हे अगदी खरं आहे. प्रश्न असा, की ती रीत नेमकी काय होती?

तर राब. भाताची रोपं ज्या वाफ्यात तयार करायची, ती जमीन उन्हाळ्यात भाजून घ्यायची. सगळं शेत नव्हे. रोपाला लागते ती लागवडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी जागा. तिच्यावर आधी वाळलेलं शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पाला आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग भडकत नाही, सावकाश सरकत जाते आणि जमीन नीट तापते. पाऊस पडला की त्या राखेतच बियाणं फेकायचं. रोपं जोमदार येतात, तण कमी येतं, आणि लावणीच्या वेळी रोप उपटायलाही सोपं जातं.

यासाठी पाला थोडाथोडका लागत नसे. म्हणून भाताच्या खाचराला जोडून डोंगरउताराची 'वरकस' जमीन असायची. तिच्यात नाचणी-वरी व्हायची, गवत वाढायचं, आणि झाडं राखली जायची ती मुख्यतः राबाच्या टहाळांसाठी. थोडक्यात, खाली खाचर आणि वर वरकस हा एकच संसार होता. घराचं अंगण, गोठा, वरकस आणि खाचर यांच्यामधून पाला फिरत असे. अंगणातला केरसुद्धा गोठ्यात गुरांच्या पायाखाली, तिथून उकिरड्यात आणि तिथून शेतात जायचा. त्या काळात या पाल्याची विल्हेवाट लावावी लागत नव्हती. तो कमी पडायचा!

कमी पडायचा म्हणूनच त्यावरून मोठी भांडणं झाली. इंग्रज सरकारनं १८७८ चा वनकायदा केला आणि डोंगर राखीव होऊ लागले. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, नंतर कुलाब्यात गेला. या दोन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्यांची मुख्य तक्रार हीच होती की राबासाठी टहाळ तोडायला, पाला गोळा करायला आता मज्जाव होतोय. वनखात्याचं म्हणणं उलट: वर्षानुवर्षं शेंडे छाटून झाडं खुरटतात, जंगल बोडकं होतं. दोन्हीकडे तथ्य होतं. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यात राबावर भरपूर खल झाला. आज गंमत वाटते, पण अंगणात पडतो तसल्या पाल्यावर साहेबाच्या सरकारनं आयोग बसवला होता.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यातही जंगलखात्यावर कोरडे ओढलेले आहेत. पण मला त्यातला दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरचा कुजलेला पाला, फुलं, मेलेले किडे असं सगळं सत्त्व वाहून जातं; ते अडवण्यासाठी ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला, म्हणजे ते शेतात मुरेल, असं त्यांनी सुचवलं होतं. पाला ही संपत्ती आहे आणि ती वाहून जाऊ देणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

राब हा अडाणीपणा की शहाणपणा, हा वाद नंतर शास्त्रज्ञांकडे गेला. इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८८९ ते १८९१ या काळात भारतीय शेती पाहिली. १८९३ च्या त्यांच्या अहवालात राबाची चर्चा आहे. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. सांगायचा मुद्दा असा, की या आगीला काम होतं. उष्णतेनं तणाचं बी मरायचं, माती बदलायची, आणि राख तिथल्या तिथे रोपाच्या मुळाशी जायची. नत्र आणि सेंद्रिय अंश मात्र धुरातून उडून जायचे. शेतकऱ्यानं तो तोटा मान्य करून दुसरा फायदा घेतलेला होता.

आणि मग चिरनेर. आमच्या कर्नाळ्यापासून फार लांब नाही, आजच्या उरण तालुक्यात. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आसपासच्या गावांतले आठ जण हुतात्मे झाले. तो सत्याग्रह नुसत्या पाल्यासाठी नव्हता, हे आधीच सांगते. तो स्वातंत्र्याच्या लढ्याचा भाग होता आणि जंगलावरच्या सगळ्या हक्कांसाठी होता. पण या मुलखातल्या साध्या माणसाला वनकायदा अन्यायाचा का वाटला, हे समजायचं तर गवत, लाकूड आणि राब या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. ज्याच्यासाठी आपल्या पणजोबांच्या पिढीनं सरकारशी वैर घेतलं, त्यात पालाही होता. आज त्याच पाल्याला आपण 'कचरा' म्हणतो आणि त्यापायी झाड तोडायला निघतो.

मधल्या काळात काय झालं? पाला तोच आहे, झाडंही तीच आहेत. त्यांच्या बाजूची साखळी तुटली. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या. आमची गावं त्यात नव्हती, पण कारखाने, रस्ते आणि जमिनीचे भाव सगळीकडे पोचले. वरकस आधी विकली गेली, कारण तिथूनच डोंगर छान दिसतो आणि फार्महाऊसवाल्यांना तीच हवी असते. मग घरोघरची गुरं गेली. मग खाचरं पडीक राहू लागली. आमच्याकडे भात लावणं बंद झाल्याला वीस वर्षं होऊन गेली. गोठ्याच्या जागी आता गाड्या उभ्या असतात.

गंमत पाहा, या साखळीतलं सगळं गेलं आणि फक्त काडेपेटी राहिली. परसाच्या कोपऱ्यात पाला पेटवायचा, राख गटारात झाडायची. ती राख कुठल्या रोपाच्या मुळाशी जात नाही, त्या आगीनं कुठलं तण मरत नाही. वर त्यात दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं. काकांना मी हेच म्हटलं: "काका, आजोबा राब भाजत होते, तुम्ही नुसता जाळ करताय." आजोबांनी असा कोपऱ्यात, कशाच्याही उपयोगाला न येणारा पाला जाळलेला पाहिला असता तर त्यांनी काठी घेतली असती. परंपरेचा आदर करायचा तर तिच्यामागचं कारणही सांभाळायला हवं. कारण गेल्यावर उरते ती नुसती सवय.

बरं, आता राब भाजणाऱ्यांनीही पुढचा विचार केलाय. आपल्याच रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस टेक्निक' नावाची पद्धत बसवली. गादीवाफे करायचे, त्यावर थेट भात टोकायचा. चिखलणी नाही, लावणी नाही. रोपाचा वाफाच नाही म्हटल्यावर राबाचीही गरज नाही. आधीच्या पिकाची मुळं मातीतच कुजू द्यायची. म्हणजे ज्या मुलखात राबाचा जन्म झाला तिथलेच शेतकरी जाळण्याकडून कुजवण्याकडे वळताहेत, आणि आपण बिनशेतीवाले मात्र जाळण्याला चिकटून बसलोय!

कायद्याचं म्हणाल तर तोही स्पष्ट आहे. २००० सालच्या घनकचऱ्याच्या नियमांतच कचरा आणि वाळलेला पाला जाळू नये असं लिहिलेलं होतं. २०१६ च्या नियमांनी बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना दंडाची भीती घालून काही साधत नाही. त्यांना पटेल असं दुसरं काहीतरी दाखवावं लागतं.

ते 'दुसरं काहीतरी' शोधताना मला दोन माणसं भेटली (पुस्तकात!), आणि दोघंही आपली.

पहिली इंदूरची. कंपोस्टचं नाव निघालं की जगभर सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव घेतात. हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत होते आणि त्यांची पद्धत जगात 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. ओला-सुका काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग तीन वेळा पालटायचा. तीन महिन्यांच्या आसपास खत तयार. १९३१ मध्ये यावरचं पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्डांच्या जोडीला दुसरं नाव आहे: यशवंत वाड. होळकरांच्या इंदुरात हॉवर्डांचे सहकारी असलेले हे रसायनतज्ज्ञ. हॉवर्ड जगप्रसिद्ध झाले, वाडांचं नाव किती मराठी माणसांना ठाऊक असेल? आणखी एक बारकावा त्या पद्धतीत होता, तो आपल्या कोकणासाठी मोलाचा. पावसाळ्यात खड्डा न करता जमिनीवर ढीग करावा, कारण खड्ड्यात पाणी साचलं की हवा कोंडते आणि घाण वास सुटतो. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. 'खड्डा खणून बघितला, नुसती घाण झाली' असं म्हणून कंपोस्टचा नाद सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरे पुसदचे, यवतमाळ जिल्ह्यातले. नारायण देवताव पांढरीपांडे, सगळे त्यांना नाडेपकाका म्हणत. गांधीविचारांचा हा माणूस. त्यांच्या मनात प्रश्न होता: गुरं कमी होत चालली, शेण पुरत नाही, मग खत कसं वाढवायचं? उत्तर म्हणजे नाडेप टाकं. विटांचं, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली भोकं. त्यात चौदाशे-पंधराशे किलो पालापाचोळा, तेवढीच किंवा थोडी जास्त माती, आणि शेण किती? फक्त नव्वद ते शंभर किलो! भरायचं, वरून शेणमातीनं लिंपायचं, भेगा पडल्या की बुजवायच्या. पालटायची गरज नाही. साधारण तीन-चार महिन्यांत खत. ज्या घरातली गुरं गेली त्या घरासाठीच जणू हे टाकं बांधलंय.

तरीही एक अडचण उरते आणि ती शास्त्राची नाही. जाळलं की 'स्वच्छ' झाल्यासारखं वाटतं, कुजवणं मात्र आपल्याला घाण वाटतं. उकिरड्याला हात लावणं हे आपलं काम नाही, ते 'त्यांचं' काम, ही जातीनं घालून दिलेली सवय आपल्या हाडात मुरलीय. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच सवयीशी झुंज दिली. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. ती नाकारली गेली तेव्हा उपोषण धरलं आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढून त्यांनी मैल्याचं आणि केरकचऱ्याचं खत करण्याचं काम उभं केलं. आपल्या घराची घाण आपणच हाताळायची आणि तिचं सोनं करायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यापुढे आपल्या अंगणातला निर्मळ वाळका पाला म्हणजे काहीच नाही.

असो. तर आमच्या परसात आता एक छोटं नाडेप आहे. चार फूट बाय तीन फूट, उंची तीन फूट, जुन्या गोठ्याच्याच विटा. थर असे: वीतभर वाळका पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला केर, त्यावर शेणकाला आणि मूठ-मूठ माती. शेण शेजारच्या वाडीतल्या म्हशीवाल्यांकडून बादलीभर मिळतं. नुसता पाला घातला तर महिनोन् महिने तसाच बसतो, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र कमी. नुसता ओला केर घातला तर वास सुटतो. दोघांचं लग्न लावावं लागतं. आंब्याची आणि फणसाची पानं चिवट, ती आधी पायाखाली चुरडून घेतली की लवकर कुजतात. पाणी इतकंच की मूठ दाबली तर ओल लागावी, धार गळू नये. पावसाळ्यात वर जुना पत्रा. होळीला भरलेलं टाकं दसऱ्याच्या सुमाराला उघडतो. ढीग तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो, आणि माती काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची.

जे टाक्यात मावत नाही ते झाडांच्याच बुंध्याशी पसरतो, खोडापासून हातभर अंतर ठेवून. अभयारण्यात, आमच्या कुंपणापलीकडे, कोणी झाडू मारत नाही आणि काडीही ओढत नाही. तिथे पाला पडतो, वाळवी आणि बुरशी आपलं काम करतात, आणि पुढच्या वर्षी तोच पाला पुन्हा झाडावर चढतो.

दमेकरी काकांच्या खिडक्या या वर्षी मार्चमध्ये उघड्या होत्या. दुसरे काका अजून कुरकुरतात, पण परवा त्यांनी टाक्यातलं घमेलंभर खत मागून नेलं, वांग्याच्या रोपांसाठी. झाडांचा निर्णय मात्र अजून व्हायचाय. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा तो विषय निघेल. माझं मत आजच सांगून ठेवते: ऐनाचा तो बुंधा आजोबांनी राबासाठी राखला होता, खाली पडलेल्या पानांसाठी त्याला तोडायचं नाही. फरशीला पैसे काढायचे असतील तर त्यातल्या थोड्या पैशांत मोठं, पूर्ण मापाचं नाडेप होईल. विटा अजून शिल्लक आहेत.

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं म्हणतात. आपल्या उकिरड्याचं पालटायला थोडी जास्त वर्षं लागली, इतकंच. तुमच्याकडे पाल्याला काय म्हणतात, राब कोणी पाहिलाय का, आणि तुमच्या अंगणातल्या पाल्याचं तुम्ही काय करता, ते जरूर कळवा. आणि दिवाळीला येणाऱ्यांनी मत ठरवून यावं!